तुमची ‘ओसी’ देवी झाली खरी, पण तिच्याकडे खातं कोणतं?

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. दोन दिवसांची सुट्टी काढून कळंबला मावशीकडे गेलो होतो. धाकटी मावसबहीण पलंगावर पालथी पडून फोनवर बोटाने चित्र काढत होती. चंदेरी केस, पाठीला सहा पंख, एका हातात वीज, दुसऱ्या हातात काचेचा गोळा, डोक्यामागे सोनेरी चक्र.

‘‘दादा, ही माझी ओसी. आता देवी झालीय.’’

‘‘कशाची देवी?’’

‘‘वादळाची.’’

खाली बसून ज्वारी निवडणाऱ्या मावशीने मान वर न करता शेरा मारला, ‘‘देव का खेळणं हाय का? काय बी काढायलीस.’’

डिजिटल डेस्कवर काम करणाऱ्याचं एक दुखणं असतं, घरातल्या भांडणातही त्याला ‘एक्सप्लेनर’ दिसतो. पण हा वाद खरंच दोन तास चालला. बहिणीच्या वयाची असंख्य मुलं सध्या हेच करताहेत आणि बहुतेकांच्या घरात कुणीतरी ज्वारी निवडत बसलेलं आहे, म्हणून तो इथे मांडतोय.

ओसी म्हणजे काय?

ओसी म्हणजे ओरिजिनल कॅरेक्टर. कुठल्या मालिकेतलं किंवा गेममधलं उचललेलं पात्र नव्हे, तर आपण स्वतः रचलेलं. त्याला नाव असतं, वाढदिवस असतो, आवडता पदार्थ असतो, आणि बहुतेक वेळा एखादं जुनं दुःखही असतं. बहिणीची ओसी ती सहावीत असताना, शाळा बंद होत्या त्या काळात जन्मली. म्हणजे मैत्रिणी भेटत नव्हत्या तेव्हाची ती मैत्रीण. हे लक्षात घेतलं की ‘पोरखेळ’ हा शब्द जरा जपून वापरावासा वाटतो.

ओसीची देवरूपातली आवृत्ती काढताना काही रकाने भरायचे असतात. ती कशाची देवता? तिचं चिन्ह काय? वाहन, आयुध, नैवेद्य, मंदिर कुठे, आणि तिला काय चालत नाही? यातल्या पहिल्या रकान्याला मुलं ‘डोमेन’ म्हणतात. मला त्यासाठी ‘खातं’ हाच शब्द बरा वाटतो. मंत्रिमंडळाच्या खातेवाटपाच्या बातम्या करून करून लागलेली सवय म्हणा.

हा साचा आला कुठून? स्वतःचं देवमंडळ रचायचा नाद तसा जुना आहे. लॉर्ड डन्सेनी या आयरिश लेखकाने १९०५ साली ‘द गॉड्स ऑफ पेगाना’ नावाच्या पुस्तकात संपूर्ण बनावट देवांचा दरबार उभा केला. १९७४ मध्ये आलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाने देवांना नियमपुस्तिकेत बसवलं, आणि २००० सालच्या त्याच्या तिसऱ्या आवृत्तीत देवांच्या ठरावीक ‘डोमेन’चा तक्ताच आला. त्यावर ‘पर्सी जॅक्सन’ वाचून आणि गेम खेळून वाढलेल्या पिढीची ग्रीक देवांची ओळख चढली. त्यामुळे मराठवाड्यातल्या मुलीने देवी काढली, तरी तिच्या हातात झ्यूसची वीज येते.

माझा आक्षेप इथे होता आणि तो मावशीच्या आक्षेपाहून वेगळा होता. मी विचारलं, वादळ म्हणजे कोणतं? समुद्रावरचं तर तू पाहिलेलं नाहीस. वळवाचं म्हणतेस का, ज्यात घरावरचे पत्रे उडतात आणि द्राक्षबागा आडव्या होतात? तसं असेल तर या बाईच्या अंगावर धुळीचा एक कणही कसा नाही?

ती रुसली.

तुळजापुरात हे दरवर्षी होतं

तिला मनवण्यासाठी मी तुळजापूरचं उदाहरण दिलं. आपल्या जिल्ह्यात जन्मलेल्या कुणालाही तुळजाभवानीची मूर्ती डोळे मिटून सांगता येते: अष्टभुजा, महिषासुरमर्दिनी, काळा पाषाण. पण शारदीय नवरात्रात तिच्या अलंकार महापूजा मांडल्या जातात, त्या नीट आठवून पाहा. रथअलंकार, मुरली अलंकार, शेषशाही, भवानी तलवार, महिषासुरमर्दिनी. मुरली अलंकारात देवीच्या हाती कृष्णाची बासरी येते, शेषशाहीत ती विष्णूसारखी शेषावर दिसते, तलवार अलंकारात छत्रपती शिवाजी महाराजांना तलवार देते. मुलं ज्याला ‘रीडिझाइन’ म्हणतात, तेच हे. फरक इतका की इथे ते पुजारी करतात, परंपरेने ठरलेल्या दिवशी करतात, आणि दुसऱ्या दिवशी देवी पुन्हा आपल्या रूपात येते.

आणखी एक बारकावा. ही मूर्ती चल आहे. वर्षातून तीनदा ती सिंहासनावरून उतरवून पलंगावर ठेवली जाते. ही देवीची मंचकी निद्रा. एकदा नवरात्राच्या आधी, एकदा दसऱ्यापासून कोजागरीपर्यंत आणि एकदा पौषात शाकंभरी नवरात्राच्या आधी. युद्धाआधी विश्रांती, युद्धानंतर थकवा. सर्वशक्तिमान देवीलाही दमायला होतं, हे ज्या कुणी पहिल्यांदा ठरवलं असेल त्याला पात्ररचना कळत होती, असं मी बहिणीला म्हणालो. मावशीने ज्वारीतला खडा बाजूला टाकत सुधारलं, ‘‘ठरवलं नाय, तसं हाय.’’

दोघांचंही बरोबर असू शकतं, असं मला वाटतं. नावाचंच पाहा. परंपरा सांगते की कर्दम ऋषींची पत्नी अनुभूती हिने संकटात हाक मारली आणि देवी त्वरेने धावून आली, म्हणून ती त्वरिता. त्वरिताची तुरजा, तुरजाची तुळजा. म्हणजे तिचं खातं नावातच आहे, ‘हाकेला लगेच येणारी’. आणि चिन्हं किती साधी! आराध्यांच्या गळ्यातली कवड्यांची माळ, हातातली परडी, पेटता पोत. तीन वस्तू कुठल्याही रस्त्यावर दिसल्या की माणूस तुळजापूरला निघालाय हे कळतं. सहा पंख काढायला अर्धा दिवस लागतो. कवडी एका रेषेत निघते.

चार हात, चार वस्तू

चिन्हांच्या या खेळाचं सगळ्यात देखणं गणित विष्णूच्या मूर्तींमध्ये आहे. शंख, चक्र, गदा, पद्म या चार वस्तू आणि चार हात. कोणत्या हातात कोणती वस्तू, याच्या मांडण्या होतात ४ × ३ × २ × १, म्हणजे २४. आणि विष्णूची नावंही २४, संध्येत म्हणतात ती. केशव, नारायण, माधव, गोविंद अशी. प्रत्येक मांडणीला एक नाव. चक्र आणि गदेची अदलाबदल झाली की देवाचं नाव बदललं. बारावीला क्रमपर्याय शिकवताना आम्हाला पिशवीतले रंगीत चेंडू दिले होते. हे उदाहरण दिलं असतं तर निम्मा वर्ग जागा राहिला असता.

ही शास्त्रं कुठे लांबची नाहीत. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने तेराव्या शतकात ‘चतुर्वर्गचिंतामणि’ हा प्रचंड ग्रंथ रचला. त्याच्या व्रतखंडात कोणत्या देवतेची मूर्ती कशी असावी याची वर्णनं येतात. रकाने भरायची सवय आपल्याला नवी नाही.

आणि ज्यांचा ग्रंथात पत्ता नाही

पण हेमाद्रीच्या यादीपेक्षा मला आजीची यादी जास्त कामाची वाटते. आपल्याकडच्या गावदेवतांचं खातेवाटप इतकं काटेकोर आहे की एखाद्या सरकारी कार्यालयाने शिकावं.

सटवाई घ्या. बाळाच्या जन्मानंतर पाचव्या रात्री ती येते आणि कपाळावर नशीब लिहून जाते. म्हणून पाचवीच्या पूजेत कोरा कागद आणि लेखणी ठेवायची. ‘पाचवीला पुजलेलं’ हा वाक्प्रचार तिथलाच. तिचं काम एका रात्रीचं, चिन्ह एक कोरा कागद. कुठल्याही गेम डिझायनरला यापेक्षा नेमकी देवता सुचणार नाही. विहिरीच्या कडेला सात खडे मांडले की झाल्या साती आसरा, पाण्याच्या मालकिणी. पोरांना विहिरीत डोकावू नका म्हणून सांगण्यापेक्षा आसरांचं नाव घेणं जास्त परिणामकारक होतं. मरीआईकडे पटकी, म्हणजे कॉलरा. साथ आली की तिचा गाडा गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडायचा. शिवेपलीकडच्या गावाने तो पुढे ढकलायचा. (या व्यवस्थेत पोतराजाच्या उघड्या पाठीवर जो आसूड पडत होता, तो कुणाच्या वाट्याला आला आणि कुणाच्या नाही, हेही विसरू नये. देवतांचं खातेवाटप माणसांच्या जातवाटपापासून वेगळं नव्हतं.)

शेताच्या बांधावरचा शेंदूर फासलेला म्हसोबा तर आणखी गुंतागुंतीचा. दामोदर धर्मानंद कोसंबींनी ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ या १९६२ च्या पुस्तकात म्हसोबाचा संबंध महिषासुराशी जोडला आहे. म्हणजे तुळजापूरच्या गाभाऱ्यात देवी ज्याला मारते, त्यालाच आपण शेताची राखण करायला बसवतो आणि नारळ फोडतो. दोन्हीकडे एकाच दिवशी जातो. कुणाला अडचण वाटत नाही.

नळदुर्ग आणि अणदूरचा खंडोबा तर एकच देव, दोन गावांचा. वर्षाचा मोठा भाग अणदुरात, उरलेला नळदुर्गजवळच्या मैलारपुरात, आणि देव एका गावातून दुसऱ्या गावात नेताना मानकऱ्यांमध्ये लेखी करार होतो. देवाच्या मुक्कामाचा करार! अशी कथा बहिणीच्या वयाच्या कुणी रचली असती, तर ‘हे जरा अति होतंय’ असं मीच म्हणालो असतो.

तेरच्या संग्रहालयात गेलात तर लज्जागौरीच्या छोट्या मूर्ती पाहा. डोक्याच्या जागी कमळ, पाय प्रसूतीच्या मुद्रेत. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी तिच्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं आहे. लज्जागौरी हे नाव तिला नंतरच्यांनी दिलं. तिचे भक्त तिला काय हाक मारत होते ते काळाने पुसलं, पण खातं आणि चिन्ह दोन्ही मातीत तसंच राहिलं. नाव गेलं तरी देवी ओळखू येते. ओसी रचणाऱ्यांनी नावाच्या फॉन्टवर किती वेळ घालवायचा, याचा विचार त्या मूर्तीसमोर उभं राहून करावा.

नवे देव कोण बनवतं?

‘‘जुनं ते जुनं, पण आता नवा देव कुणी बनवतं का?’’ हा मावशीचा प्रश्न. प्रश्न बिनतोड वाटला तरी उत्तर ‘हो’ असंच आहे.

भारतमातेचं सर्वात प्रसिद्ध सुरुवातीचं चित्र अवनींद्रनाथ टागोरांनी १९०५ मध्ये काढलं. वंगभंगाचं वर्ष, आणि योगायोगाने पेगानाच्या देवांचंही. चार हात, त्यात पोथी, भाताच्या लोंब्या, वस्त्र आणि जपमाळ. म्हणजे विद्या, अन्न, वस्त्र, साधना. एका चित्रकाराने चार रकाने भरले. पुढे वाराणसीत भारतमातेचं मंदिर झालं, त्याचं उद्घाटन १९३६ मध्ये महात्मा गांधींनी केलं. तिथे मूर्तीऐवजी संगमरवरातला नकाशा आहे.

‘जय संतोषी माँ’ हा सिनेमा १९७५ चा. त्याआधी फार थोड्यांना माहीत असलेली ही देवी त्या एका सिनेमाने घराघरात पोहोचली. शुक्रवार, गूळ-फुटाणे, आंबट वर्ज्य. मावशीनेही लग्नाआधी सोळा शुक्रवार केले होते. हे मी आठवण करून दिल्यावर ज्वारीचं सूप जरा जोरात आपटलं गेलं.

२०१० मध्ये चंद्रभान प्रसाद यांनी उत्तर प्रदेशात लखीमपूर खेरी जिल्ह्यातल्या बांका गावी ‘इंग्लिश देवी’च्या मंदिराची कल्पना मांडली. स्वातंत्र्यदेवतेसारखी उभी, डोक्यावर हॅट, एका हातात उंच धरलेली लेखणी, दुसऱ्या हातात पुस्तक, पायाखाली संगणक. इंग्रजी आली तर दलित मुलांचं दार उघडेल, हा त्यामागचा सरळ विचार. मंदिराचं बांधकाम प्रशासनाने थांबवलं. आणि २०२० मध्ये आपल्या शेजारी बार्शीत एका वस्तीत कोरोना देवी बसली. मरीआईची धाकटी बहीणच ती. केरळ, तमिळनाडू, उत्तर प्रदेश, सगळीकडे तिची ठाणी झाली.

या चारही देवींमध्ये एक गोष्ट समान आहे. कुणाला तरी कशाची तरी फार गरज होती. स्वातंत्र्याची, घरातल्या शांततेची, शिक्षणाची, आजारातून सुटण्याची. कोणी आधी मुकुट काढून मग ‘आता हिला काय काम द्यावं’ असा विचार केला नाही.

मग ही चेष्टा आहे का?

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण लोक विचारतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ मध्ये धार्मिक भावना दुखावण्याबद्दल शिक्षा आहे, पण त्यासाठी कृत्य जाणीवपूर्वक आणि दुष्ट हेतूने केलेलं असावं लागतं. स्वतः रचलेल्या पात्राला देवपण देणं त्यात बसत नाही. एखाद्या पूजल्या जाणाऱ्या देवतेचं रूप घेऊन त्यावर आपली ओसी चढवणं मात्र मी तरी टाळीन. कायदा बाजूला ठेवा. ज्याच्या घरात ती देवी पुजली जाते, त्याच्या घरात आपण चपला घालून शिरू नये इतकंच.

उलट माझं मत असं की ओसीची देवी ही सगळ्यात प्रामाणिक देवी आहे. ‘मी रचलेली आहे’ हे ती आधीच सांगते. ती नवस मागत नाही, पैसे मागत नाही, कुणाचा आजार बरा करण्याचा दावा करत नाही. तसा दावा झाला तर विषय चित्रकलेचा उरत नाही. मग महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा पुढे येतो.

मला काळजी वेगळीच आहे. माझं आजोळ लोहारा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात ते गाव पडलं आणि नवं गाव लांब, मोकळ्या माळावर वसलं. नव्या गावात रस्ते सरळ आहेत, घरांना नंबर आहेत. जुन्या गावठाणात बाभळी आहेत, पडक्या भिंती आहेत आणि म्हसोबा आहे. त्याला कुणी नव्या गावात आणलं नाही, कारण त्याचं खातं ती शीव होती आणि शीव उचलून नेता येत नाही. मामा वर्षातून एकदा नारळ घेऊन जातो. मामाच्या मुलांना वाट माहीत नाही. त्यांना थॉरच्या हातोड्याचं नाव मात्र पाठ आहे. हा त्यांचा दोष नाही. आम्ही थोरल्यांनी त्यांना म्हसोबाबद्दल एक वाक्यही सांगितलेलं नाही.

पाळाई

संध्याकाळी बहिणीने नवं चित्र सुरू केलं. पंख गेले, केस काळे झाले, वीज पुसली. मी काही विचारलं नाही. रात्री जेवताना तिने फोन पुढे केला.

लाल लुगडं, कासोटा, कडेवर कळशी. मागे रिकाम्या घागरींची लांबच लांब रांग, प्रत्येकीवर रंगाने घातलेला नंबर. खाली नाव: पाळाई. पाळीची देवी. टँकर आल्यावर कुणाची घागर आधी, कॅनॉलचं पाणी कुणाच्या रानात आधी, हे ठरवणारी. चिन्ह, नंबर घातलेली घागर. वाहन नाही, कारण ती कायम चालत असते. नैवेद्य, पहिली अर्धी कळशी रांगेतल्या शेवटच्या बाईला. वर्ज्य, मध्ये घुसणं.

सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या जिल्ह्यात पूर आला, परंड्यात आणि भूममध्ये शेतांतली माती वाहून गेली, तेही तिने घेतलं होतं. देवीच्या पायाशी चिखलाची रेघ. ‘‘पाण्याने पाळी मोडली की ती रागावते,’’ असं खाली बारीक अक्षरात.

आणखी खाली एक ओळ होती. हिच्या देवळात पाळी आलेल्या मुलींना आधी आत घेतात.

मावशीने ते वाचलं. चष्मा काढून पुन्हा लावला. मला वाटलं आता काही खरं नाही. महिन्यातले चार दिवस देवघराच्या दाराबाहेर बसणं त्या घरात अजून चालतं आणि त्यावरून आई-लेकीची भांडणं मी ऐकलेली आहेत. शब्द एक, अर्थ दोन. मराठीतच हे दोन्ही अर्थ एका जागी राहतात, आणि बहिणीने ते जाणूनबुजून केलं होतं हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मावशी बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘‘डोस्क्यावर चुंबळ कुठंय हिच्या?’’

‘‘म्हणजे?’’

‘‘कळशी कडेवर हाय, मग हंडा डोस्क्यावर असंल की. एका फेरीत एकच कळशी आणती का ही? जुन्या गावात आम्ही दोन हंडे अन् एक कळशी आणायचो. चुंबळीबिगर टाळू सोलून निघती.’’ तिने खांद्यावरचा टॉवेल काढला, दोन पीळ देऊन गोल वेटोळं केलं आणि ताटाशेजारी ठेवलं. ‘‘असं काढ. अन् जरा डाव्या अंगाला कललेलं.’’

बहिणीने जेवण अर्धवट सोडून फोन घेतला.